कॅसलरॉकचा नाका आणि वाटेवरचे किस्से

मंडळाची जोयडा तालुक्याची टिपणवही लावून घ्यायचं काम यंदा माझ्याकडे आलं. गावांची नावं, देवळं, वीरगळ, जुने रस्ते, घराण्यांच्या हकिकती असे विभाग पडले आणि शेवटी सतरा पानं उरली, ज्यांना कुठंच जागा होईना. मी त्यांच्यावर 'वाटेवरचे किस्से' असं लिहून ठेवलं. बैठकीत आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी ती पानं चाळली, दोनदा मोठ्यानं हसले आणि म्हणाले, "हे गाळून टाका हो. मजा आहे, पण इतिहास नाही."

मला वेळेवर उत्तर सुचत नाही. घरी परतताना रेल्वे फाटकाशी गाडी थांबली तेव्हा सुचलं, पण तोवर बैठक संपून दोन तास झाले होते. म्हणून हा निबंध.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडा भूगोल. जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्याच्या वायव्य कोपऱ्यातला तालुका. पश्चिमेला गोवा, उत्तरेला बेळगाव जिल्हा, मध्ये सगळं रान. काळी नदी इथल्याच डिग्गी गावाजवळ उगम पावते आणि १८४ किलोमीटर वाहून कारवारला समुद्राला मिळते. हा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ पर्यंत मुंबईकडेच होता. तेव्हा तालुक्याचं नाव होतं सुपा. ते सुपा गाव आता पाण्याखाली आहे. काळीवर १०१ मीटर उंचीचं धरण झालं, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, नावही बदललं आणि उठवलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना रामनगरला वसवलं. घरात मराठी नाहीतर कोंकणी, कचेरीत कन्नड आणि बाजारात तिन्ही, असा इथला व्यवहार. विनोदाला यापेक्षा चांगली जमीन मिळायची नाही.

पण आमच्या सतरा पानांतले निम्मे किस्से एकाच जागेचे आहेत: कॅसलरॉक स्टेशन.

हे स्टेशन का झालं, ते सांगायला हवं. १८७८ च्या डिसेंबरात ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांचा एक करार झाला. १८८० पासून बारा वर्षं गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातली जकातीची सरहद्द जवळजवळ पुसली गेली. गोव्याच्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे, त्याच्या बदल्यात पोर्तुगीजांना वर्षाला चार लाख रुपये, आणि मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यापर्यंत रेल्वे. ही रेल्वे १८८८ मध्ये कॅसलरॉकला पोचली आणि इकडून येणाऱ्या सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. गंमत बघा, घाट फोडून, बोगदे खणून गाडी धावायला लागली आणि चारच वर्षांत, १८९२ मध्ये, करार संपला. दोन्ही बाजूंना जकातीचे नाके पुन्हा उभे राहिले. वर कॅसलरॉकला इंग्रजांचा, खाली कुळ्याला पोर्तुगीजांचा. मधल्या घाटात दूधसागर. म्हणजे एका प्रवासात दोनदा ट्रंक उघडायची, दोनदा बांधायची, आणि दोन्ही वेळा साहेबाच्या तोंडाकडे बघत उभं राहायचं. हे १९५५ पर्यंत चाललं. त्या वर्षी गोव्याच्या सत्याग्रहानंतर गाडीच बंद झाली.

आता किस्से. पहिला सगळ्यांना माहीत असलेला: गाडी घाट इतकी हळू चढायची की पुढच्या डब्यातून उतरायचं, करवंदं तोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं. हा किस्सा मी भोरघाटाचा ऐकलाय, कसाऱ्याचा ऐकलाय, दार्जिलिंगच्या गाडीचा तर छापलेलाच वाचलाय. तेव्हा हा आपला नव्हे, पाहुणा आहे. तरी माझ्यातला इंजिनीअर गप्प बसेना. या घाटाचा चढ १:३७ आहे. ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मागे ढकलायला जादा इंजिन लावूनसुद्धा वाफेची गाडी इथं रखडतच चढत असणार. म्हणजे उतरून चढणं अशक्य नाही. अडचण करवंदांची आहे. रुळांच्या एका बाजूला कापलेला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. करवंदं तोडणारा माणूस मागच्या डब्यात नाही, थेट कुळ्याला पोचला असता.

दुसरा गजराच्या घड्याळाचा. गोव्यात विलायती माल स्वस्त, म्हणून एकानं घड्याळ आणलं आणि तांदळाच्या पोत्यात खुपसलं. कॅसलरॉकच्या रांगेत सगळे उभे. साहेब दोन माणसं सोडून पुढे आलेला. तेवढ्यात पोत्यात गजर सुरू झाला. रांग गार. साहेब थांबला. आणि हा गृहस्थ पोत्यावर थोपटत म्हणतो, "झोप रे, लोंढा अजून लांब आहे!"

हा किस्सा आमच्याकडे पाच जणांनी सांगितलाय. दोघांचा मामा, एकाच्या वडिलांचे दोस्त, एकाचे हेडमास्तर आणि एक जण म्हणाला, "मी स्वतः!" पाचही पाठ शेजारी शेजारी ठेवल्यावर माझे डोळे उघडले. गोष्ट तीच, पोत्यातली वस्तू वेगळी. तिघांत घड्याळ. एकात दारूची बाटली, ती फुटते आणि वास येतो. आणि एकात ट्रान्झिस्टर, तो आपोआप गायला लागतो.

आता बघा. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा १९४९ चा, पूर्ण बंदी १९५० पासून. उत्तर कन्नड तेव्हा मुंबई राज्यात. त्याआधी बाटली लपवायची ती फार तर जकात वाचवायला. पण बाटलीपायी तुरुंग, ही भीती १९५० नंतरची, आणि आमच्या पाठात तुरुंगच आहे. गाडी बंद १९५५ ला. म्हणजे बाटलीचा पाठ या पाच वर्षांत तयार झाला असणार. ट्रान्झिस्टरचं उलट. बाजारात ट्रान्झिस्टर आला तोच १९५४ च्या शेवटी, तोही अमेरिकेत. आपल्याकडच्या पोत्यात पडायला त्याला आणखी काही वर्षं लागली, आणि तोवर कॅसलरॉकची गाडी थांबलेली. म्हणजे तो पाठ एकतर अनमोडच्या रस्त्याचा आहे, नाहीतर सांगणाऱ्यानं जुन्या पोत्यात नवा माल भरलाय. जमिनीचे थर वाचावेत तसे किस्स्याचे थर वाचता येतात, आणि ते ओळखायचे पोत्यात काय आहे त्यावरून.

तिसरा मला सगळ्यात आवडतो. कुळ्याच्या नाक्यावर पोर्तुगीज अंमलदार. त्याला ना कोंकणी येते ना मराठी. इकडचा एक म्हातारा पहिल्यांदाच गोव्याला चाललेला. साहेब गाठोड्याकडे बोट करून विचारतो, "नादा?" पोर्तुगीजमध्ये याचा अर्थ 'काही नाही?' म्हाताऱ्याला ऐकू आलं 'नाडा'. तो आधी बावरला, मग विजारीच्या नाड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून म्हणाला, "साहेब, हा घरचाच आहे. ह्यावर पण जकात?"

खरं घडलं का? माहीत नाही, आणि या एका बाबतीत मी शोधणारही नाही. पण त्या माणसाची स्थिती खरी आहे. समोरचा काय विचारतोय कळत नाही, काय दिलं म्हणजे सुटका होईल कळत नाही, आणि अंगावरची कुठली वस्तू सरकारच्या मालकीची निघेल याचा भरवसा नाही. हे कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. ते या नाड्यात आहे.

चौथा मिठाचा, आणि तो सगळ्यात जुना दिसतो. खाली मीठ स्वस्त, वर त्यावर कर. म्हणून एक बाई म्हणे नऊवारी लुगडं खाऱ्या पाण्यात भिजवून नेसायची, घाट चढून घरी यायची, वाळवायची आणि झटकायची. मी हिशेब केला. सुती लुगडं फार तर तीन लिटर पाणी धरेल. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम मीठ. म्हणजे शंभरेक ग्रॅम. एवढ्यासाठी ओल्या लुगड्यानं घाट चढायचा? मिठागरातलं दाट पाणी घेतलं तर किलोभर निघेल, पण ते लुगडं फळीसारखं उभं राहील, नेसता यायचं नाही. तेव्हा हिशेबात ही गोष्ट बसत नाही. पण हिशेबात न बसणं हाच तिचा मुद्दा असावा. सरकार लुगड्यातलं मीठसुद्धा मोजतं, असं म्हणायचं होतं कुणाला तरी.

मिठावरून आठवलं. या सरहद्दीवर मीठ आणि जकात खात्यात एक अस्सल विनोदी लेखक नोकरीला होता, आणि आपल्या तालुक्यात त्याचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. लिहायचा 'एहा' या नावानं, म्हणजे आपल्याच नावाची तीन आद्याक्षरं. जन्म साताऱ्याचा, १८५१, बाप स्कॉटिश मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात काही वर्षं लॅटिन शिकवलं आणि १८७६ मध्ये मीठ खात्यात शिरला. खाराघोडा, उरण, उत्तर कन्नड, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी अशा बदल्या झाल्या. (साताऱ्यातच १८८५ मध्ये जन्मलेला दुसरा एक मुलगा, पुढचे काकासाहेब कालेलकर, हाही बापाच्या सरकारी नोकरीमुळे बालपणाचा काही काळ कारवारला होता. लहानपणच्या आठवणींचं 'स्मरणयात्रा' त्यानं गुजरातीत लिहिलं. या जिल्ह्याबद्दल लिहिणाऱ्यांना साताऱ्याचं पाणी लागतं की काय, कोण जाणे.)

एटकेनचं पहिलं गाजलेलं पुस्तक १८८३ चं. वायव्य सरहद्दीवरच्या टोळ्यांबद्दल लष्करी अधिकारी जसं गंभीरपणे लिहितात, त्याच थाटात यानं आपल्या बंगल्यावर चालून येणाऱ्या टोळ्यांबद्दल लिहिलं: उंदीर, मुंग्या, कोळी, डास, बेडूक. त्याच वर्षी स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत तो होता. १८९४ चं त्याचं पुस्तक रानात भटकणाऱ्या निसर्गवेड्याचं आहे, आणि ते रान आपल्या कारवार जिल्ह्याचं. जिल्ह्यातल्या फुलपाखरांवर डेव्हिडसन आणि बेल या दोघांबरोबर त्यानं लिहिलेली लेखमाला जाणकार आजही काढून बघतात. आपल्या बाजूनं तो 'फिरस्ती'चा माणूस. नाके तपासत हिंडायचं आणि हिंडताना जे दिसेल ते हसत टिपायचं.

१९०२ मध्ये त्याला एका खास कामावर पाठवलं गेलं. गोव्याच्या सरहद्दीवरच्या जकात नाक्यांवर मलेरिया किती आहे ते बघायचं, आणि तिथल्या शिपायांची वस्ती डासांपासून लांब कशी हलवता येईल ते सुचवायचं. रॉसनं सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू पाहिला त्याला तेव्हा पाचच वर्षं झाली होती. या सरहद्दीवरच्या नोकरीला सगळे थरथर कापत. सुप्याची बदली म्हणजे काळ्या पाण्याची धाकटी बहीण, असं आमच्या वहीत एकाच्या आजोबांचं वाक्य आहे, त्याला हा पुरावा. या फिरतीत एटकेनला अॅनोफिलीस जातीचा एक नवाच डास सापडला. मेजर जेम्स यांनी तो तपासला आणि त्याला याचंच नाव दिलं: अॅनोफिलीस एटकेनी.

यातली खरी गंमत पुढे आहे. हा रानातल्या ओढ्यांकाठचा डास, आणि मलेरिया पसरवणाऱ्यांत त्याची गणती नाही. ज्या माणसानं डासांना शत्रूच्या टोळ्या म्हणून हसवलं, तो खऱ्या शत्रूच्या शोधात निघाला आणि त्याला त्याच्या नावाचा एक निरुपद्रवी सापडला. असा शेवट त्यानं स्वतः लिहिला असता तर लोक म्हणाले असते, जमवून आणलंय.

पण एटकेनबद्दल माझी तक्रार आहे, ती इथंच सांगतो. किड्यामुंग्यांवर लिहिताना तो अप्रतिम. १८८९ च्या पुस्तकात तो बंगल्यामागच्या नोकरांवर लिहितो, धोबी, माळी, भिस्ती, आया, तेव्हाही लेखणी तितकीच चपळ आहे. वाचताना हसू येतं, मग लाज वाटते. कारण दोन्ही पुस्तकांतली नजर एकच आहे. मुंग्यांचं एक वेळ ठीक, त्या उत्तर देत नाहीत. धोब्यानं घरी जाऊन साहेबाची कशी नक्कल केली असेल, ती कुठं छापलीय? नाक्यावरच्या शिपायांची, ज्यांना ताप भरायचा त्यांची, नावंसुद्धा आपल्याकडे नाहीत. साहेबाचे किस्से मुंबईच्या वर्तमानपत्रात आले. रांगेतल्या माणसाचे किस्से चहाच्या टपरीवर राहिले. आमची सतरा पानं म्हणजे त्या धोब्याची बाजू आहे, असं मला त्या फाटकाजवळ सुचलं होतं.

मराठीत प्रवासाच्या हशाची रीत जरा वेगळी पडली, आणि मला तिचा अभिमान आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घरून निघाले ते दक्षिणा मिळवून कर्ज फेडायला. उत्तरेत मोठा यज्ञ आहे असं कळलं होतं. यज्ञ राहिला बाजूला, बंडात सापडले, झाशीचा वेढा आतून पाहिला, पुन्हा पुन्हा लुटले गेले आणि गंगेची कावड खांद्यावर घेऊन घरी आले. इतिहासात याहून वाईट मुहूर्त कुणी काढला नसेल. पण भटजींच्या सांगण्यात, माणसं मरताहेत तिथंही, स्वतःच्या फजितीबद्दल एक कोरडं हसू आहे. चिंतामण विनायक वैद्यांनी 'माझा प्रवास' छापलं १९०७ साली, पण बरंच घासूनपुसून. भटजींचा मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये बाहेर काढला तेव्हा कळलं की मधल्या साठ वर्षांत लोक वाचत होते ते बरंचसं वैद्यांच्या इस्त्रीखालून गेलेलं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि पु. ल. देशपांडे. त्यांची 'म्हैस' कुणाला माहीत नाही? एसटीखाली म्हैस येते आणि पंचनाम्यापायी अख्खी गाडी रस्त्यात अडकते. कोकणातल्या रस्त्याची गोष्ट, पण जोयड्यात तुम्ही कुठल्याही बसमध्ये बसा, शेजारचा आपली म्हैस सांगेल. एकाच्या गोष्टीत ती गवा असते, एकाच्यात उळवीच्या जत्रेचा बैल. एस.टी. महामंडळाची पहिली गाडी १९४८ साली पुण्याहून नगरला निघाली. त्या आधीच्या पिढीला अनोळखी पंचवीस माणसांबरोबर एका टपात तीन तास अडकून पडणं, ही गोष्ट रेल्वे सोडली तर एवढी सवयीची नव्हती. ते नवं समाजजीवन कसं होतं हे कळायला महामंडळाचे वार्षिक अहवाल वाचावेत की 'म्हैस'? मी दोन्ही वाचलेत. अहवालात गाड्या किती वेळेवर सुटल्या ते मिळतं.

इथवर आल्यावर आमचे ज्येष्ठ सभासद म्हणतील, ठीक आहे, पण किस्सा तोंडातोंडी किती बदलतो! त्यावर विसंबायचं कसं? प्रश्न रास्त आहे. इंजिनीअरला विचाराल तर कुठलंही यंत्र वापरण्याआधी त्याची चूक किती ते काढतात. ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी वस्तू त्यानं मोजून बघायची. किस्स्याच्या बाबतीत अशी वस्तू मिळणं कठीण. मला मात्र योगायोगानं मिळाली.

नव्वदच्या दशकात या मार्गावर मीटरगेज काढून ब्रॉडगेज घालायचं काम चाललं होतं. मी पंचविशीतला, एका कंत्राटदाराकडे सर्व्हेला. इतिहासाशी तेव्हा काही संबंध नव्हता, जळवांशी होता. एके दिवशी रामनगरजवळ रस्त्याकडेला तिपाईवर यंत्र लावून मी एक डोळा मिटून बघत होतो. समोरच्या घरातून एक आजी बाहेर आल्या, थोडा वेळ थांबल्या, आत गेल्या. अर्ध्या तासानं पुन्हा आल्या त्या धुतलेलं लुगडं नेसून, आणि हाताशी सात-आठ वर्षांचा नातू, डोक्याला चपचपीत तेल. दोघं यंत्रासमोर सरळ उभे राहिले.

मी म्हटलं, "आजी, हा फोटोचा कॅमेरा नव्हे. ह्यातून जमिनीचा चढउतार बघतात."

आजी म्हणाल्या, "सकाळपासून एक डोळा मिटून बघतोस बाबा, आणि तुझ्याकडे राहत काहीच नाही?"

पट्टी धरणारा पोरगा हसून हसून खाली बसला. मीही हसलो. मग आजी, काही विशेष नाही अशा आवाजात, म्हणाल्या, "आमचं घर सुप्याला होतं. पाण्यात गेलं. फोटो कधी काढलाच नाही, म्हणून म्हटलं." मी सांगितलं, रविवारी कॅमेरा घेऊन येतो. त्याच आठवड्यात काम खाली घाटात सरकलं. मी गेलो नाही.

वीस-बावीस वर्षांनी, मंडळाच्या कामासाठी हिंडताना, जगलबेटच्या एका चहाच्या टपरीवर मला हा किस्सा ऐकायला मिळाला. त्यात दिल्लीहून आलेला रेल्वेचा मोठा साहेब होता. डोक्यावर पांढरी टोपी. पट्टी उलटी धरणारा एक येडा पोरगा. बाया एक नाही, बारा, सगळ्या नटूनथटून रांगेत. साहेबानं दिवसभर सगळ्या गावाचे फोटो काढले, तिपाई खांद्यावर टाकली आणि गेला. "अजून दर जत्रेला विचारतात, फोटो आले काय!" टपरी हसली. मीही हसलो आणि दुसरा चहा मागवला. तो साहेब मीच, हे सांगायचा धीर झाला नाही.

घरी येऊन मी जुळणी केली. हुद्दा वाढला, बाया एकाच्या बारा झाल्या, शेवट नवा लागला. ही चूक. पण रामनगर तेच, तिपाई तीच, मिटलेला डोळा तोच. टोपी मी विसरून गेलो होतो. त्या वर्षीच्या साइटवरच्या एका फोटोत माझ्या डोक्यावर पांढरी टोपी आहे. आणि उलटी पट्टी? ती मला थाप वाटली. जुनी खिशातली डायरी काढली. त्या आठवड्यात नोंद सापडली: 'रामनगर. रीडिंग रद्द. स्टाफ उलटा.' माझ्या आठवणीपेक्षा टपरीवरची आठवण दोन ठिकाणी सरस निघाली.

मग गळलं काय? सुपा गळलं. पाण्यात गेलेलं घर, नसलेला फोटो, आणि रविवारी येतो म्हणून न गेलेला माणूस. लोक हसावेत म्हणून किस्सा पुढे जातो, आणि जे हसू अडवतं ते आधी सुटतं. वैद्यांनी भटजींना इस्त्री केली ती लेखणीनं, टपरी तेच हशानं करते. म्हणजे यंत्राची चूक कुठल्या बाजूला झुकते ते कळलं. वस्तू, जागा, कपडे, हावभाव हे किस्सा नीट जपतो. आकडे आणि हुद्दे फुगवतो. दुखणं गाळतो. गजराचं घड्याळ आणि नाडा मी आता पुन्हा वाचतो तेव्हा शोधतो ते हे, की इथं काय गळलं असेल. घड्याळवाला खरंच सुटला का? की तो पोत्यावर थोपटला तेवढाच किस्सा राहिला, आणि पुढचा दंड, जप्ती, रात्रभर कॅसलरॉकच्या फलाटावर बसणं सुटून गेलं?

तेव्हा हा विभाग गाळायचा नाही, अशी माझी मंडळाला विनंती आहे. फक्त प्रत्येक किस्स्यापुढे दोन रकाने वाढवावेत. एक: कुणी, कुठं, कुठल्या भाषेत सांगितला. दोन: पोत्यात काय होतं. पहिल्यासाठी सांगणाऱ्याला पुन्हा भेटावं लागेल, आणि घाई करावी लागेल, कारण गाडीनं १९५५ आधी गोव्याला जाऊन आलेली, स्वतःची ट्रंक स्वतः उघडलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत.

गेल्या पावसाळ्यानंतर मी रामनगरला गेलो. घर सापडलं. आजी वारल्या त्याला बरीच वर्षं झाली. नातू आता बापई गडी, स्वतःचं दुकान आहे. मी कोण ते सांगितलं. त्याला यंत्र आठवत नव्हतं, मी आठवत नव्हतो. "तेल आठवतंय," तो म्हणाला, "डोळ्यात गेलं होतं." त्यानं त्याच्या मोबाइलवर आमचा दोघांचा फोटो काढला. आजींचा एखादा फोटो आहे का, विचारलं. तो आत जाऊन निवडणुकीचं ओळखपत्र घेऊन आला. नखाएवढा, फिकट झालेला चेहरा, डोक्यावर पदर, आणि दोन्ही डोळे मिटलेले. बटण दाबलं तेव्हाच पापणी पडली असणार. तो म्हणाला, दुसरा नाही.

वहीसाठी त्याची प्रत मागितली नाही. घरच्यांच्या हातातच राहू दे.